कोळसा कोणाचा, राख कोणाची?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात एक महत्त्वाचा आदेश दिला. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व तत्सम व्यवसायांनी सहा महिन्यांच्या आत गॅस अथवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा त्याचा आशय होता. महापालिकेने नोटिसा काढल्या. मग वृत्तपत्रांतून चर्चा रंगली ती पाव महागेल काय आणि तंदुरी रोटीची चव टिकेल काय, या प्रश्नांची. मुंबईकरांच्या फुफ्फुसांची काळजी न्यायालयाने वाहिली हे योग्यच झाले. परंतु त्या सबंध चर्चेत एक साधा प्रश्न कोणाला सुचला नाही. हा कोळसा येतो कोठून, आणि तो पाडतो कोण? ज्या धुराचा अंश तंदुरातून बाहेर पडताच शहर खडबडून जागे झाले, त्याच्या कितीतरी पट धूर ज्या माणसांनी रानात आधीच गिळलेला असतो, त्यांची नावे कोणत्याही याचिकेत नसतात.

दुसरीकडे उद्योजक आणि सरकार यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवले आहे. जंगलातील ऐनाचा कोळसा वाईट, पण वेड्या बाभळीचा चांगला. लाकडाचा कोळसा वाईट, पण बांबूचा चांगला. तोही नको असेल तर करवंटीचा घ्या, उसाच्या पाचटाचा घ्या. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने बांबूच्या कोळशावरील निर्यातबंदी उठवली. जून २०२३ मध्ये कार्बन-पत व्यापाराची योजना अधिसूचित झाली. तेव्हापासून 'हिरव्या कोळशा'ची भाषा जिल्हा नियोजनाच्या बैठकांपर्यंत पोहोचली आहे. झाड बदलले की पाप धुतले जाते, असा या भाषेचा मथितार्थ आहे.

समाजवादी कार्यकर्त्याने या भाषेला बळी पडू नये. कोणत्या वनस्पतीचा कोळसा, हा प्रश्न निरर्थक नाही. त्याचा विचार पुढे केलाच आहे. परंतु जमीन कोणाची, झाड कोणाचे, भट्टी कोणाची आणि मजूर कोणाच्या उचलीखाली, हे विचारल्याविना त्या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. एकच झाड एका मालकीसंबंधात वरदान ठरते आणि दुसऱ्यात अरिष्ट.

भट्टीचे गणित

प्रथम पदार्थविज्ञानाचा हिशेब मांडू. हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडात साधारणपणे साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. चांगल्या कोळशाच्या एका किलोत सुमारे सात हजार. म्हणजे वजनाच्या मानाने कोळसा दुप्पट गरम. व्यापारी एवढेच सांगतो आणि थांबतो. परंतु मातीच्या परंपरागत भट्टीत एक किलो कोळसा पाडण्यासाठी पाच ते दहा किलो लाकूड लागते. सहा किलो धरले तरी एकवीस हजार किलोकॅलरी भट्टीत घालून सात हजार हाती येतात. दोन तृतीयांश उष्णता रानातच वाया जाते. दहा किलो लागले तर चार पंचमांश गेली.

मग इतका नासाडीचा व्यवहार शतकानुशतके चालला कसा? कारण उष्णता जंगलात असते आणि गिऱ्हाईक शहरात. लाकूड जड, ओले आणि धुरकट; कोळसा हलका, टिकाऊ आणि जळताना जवळजवळ निर्धूर. कोळसा म्हणजे धूर रानात ठेवून उष्णता तेवढी शहरात नेण्याची पद्धत होय. पूर्वीच्या कुलाबा व ठाणे जिल्ह्यांतील डोंगरांनी मुंबईच्या चुली अशाच पेटत्या ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या आणि त्यांच्यासाठीही सह्याद्रीची झाडे पडली. युद्ध संपले, पेट्रोल परत आले. डोंगरावरचे रान मात्र त्या वेगाने परत आले नाही.

या धुरात केवळ वाफ नसते. लाकूड कमी हवेत तापले की कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडहून कितीतरी पट तीव्र असा तापवायू. म्हणूनच 'झाडाने हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, सबब हिशेब शून्य' हे विधान मातीच्या भट्टीपुरते तरी खोटे आहे. झाडाने घेतला त्याहून घातक रूपात तो परत जातो, आणि परत जाताना भट्टीशी रात्रंदिवस बसलेल्या माणसाच्या छातीतून जातो.

चार वनस्पती, चार हिशेब

आता वनस्पतींकडे वळू. सह्याद्रीतील ऐन, धावडा, किंजळ, खैर ही जड लाकडाची झाडे. त्यांचा कोळसा घट्ट, सावकाश जळणारा, म्हणून बाजारात त्यांना मान. सावर-पांगाऱ्याचा कोळसा हलका आणि ठिसूळ, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. याचा अर्थ असा की बाजार नेमकी तीच झाडे निवडतो जी वाढायला सर्वांत अधिक काळ घेतात. ऐन तोडला की बुंध्यापासून धुमारे फुटतात हे खरे. पण धुमारा म्हणजे झाड नव्हे. तोच धुमारा काही वर्षांत पुन्हा छाटला गेला की डोंगर कायमचा झुडपी होतो. ऐनाच्या फांद्यांवर कोकणातील भातशेतीचा राब चालतो, त्याच्या पातेऱ्यावर माती टिकते, त्याच्या मुळांशी उन्हाळ्यातले झरे तग धरतात. यांपैकी एकाही गोष्टीची किंमत कोळशाच्या गोणीत धरलेली नसते.

पुणे जिल्ह्यातील पानशेतच्या परिसरात धरणाच्या कामासाठी रस्ते झाले आणि त्या रस्त्यांवरून कोळशाचे व्यापारी वर गेले, याचे वर्णन माधव गाडगीळ यांनी केले आहे. दरवर्षी फळ देणारा हिरडासुद्धा तेथे भट्टीत गेला. विस्थापित शेतकऱ्याला रोख पैसा हवा होता. त्याच्याजवळ विकण्याजोगे दुसरे काय उरले होते? ज्याला धरणाने उठवले त्याच्याच हातून त्या धरणाच्या पाणलोटातील झाडे तोडवून घेण्यात आली, आणि मग गाळ साचू लागल्यावर 'स्थानिकांच्या अज्ञाना'वर व्याख्याने झडली.

दुसरी वनस्पती वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे परदेशी झाड हिंदुस्थानात आले. पाणी नको, राखण नको, तोडले की जोमाने पुन्हा फुटते, कोळसाही उत्तम. मग याहून चांगले काय? याचे उत्तर कच्छच्या बन्नीत मिळते. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा तो गवताळ प्रदेश मालधारी पशुपालकांच्या म्हशींवर जगत आला. १९६१ साली रणाचे आक्रमण थोपवण्यासाठी वनखात्याने तेथे वेडी बाभूळ लावली. शेंगा जनावरांनी खाल्ल्या, शेणातून बी पसरले आणि गवताच्या जागी काटेरी रान माजले. पुढे कोळशाला परवानगी देण्यात आली, तेव्हा देशी बाभळीवरही कुऱ्हाड चालली. म्हणून परवानगी पुन्हा मागे घ्यावी लागली. आज त्या प्रदेशात ज्याच्या दावणीला म्हशी आहेत त्याला हे झाड शत्रू वाटते, आणि ज्याच्याजवळ म्हैस नाही त्याला त्याच झाडाचा कोळसा रोख पैसा देतो. गरिबांतच अशी फूट पडते. तमिळनाडूतील रामनाथपुरम भागात पावसाने वारंवार दगा दिलेला कोरडवाहू शेतकरी शेतात वेडी बाभूळ वाढू देतो आणि तिचा कोळसा विकतो. त्याला कोणी दोष द्यावा? परंतु शेतीने सोडून दिलेल्या माणसाचा तो नाइलाज आहे. त्याला विकासाचा आदर्श म्हणून मिरवणे हे ढोंग होय.

महाराष्ट्रात सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव, बीड या पट्ट्यात हीच वनस्पती ओढ्याकाठी, कालव्याकाठी आणि गायरानात माजली आहे. माजलेली आहे ती तोडून कोळसा पाडणे यात गैर काही नाही. उलट गवत परत यायचे तर तोडलीच पाहिजे. पण तोडणे आणि समूळ काढणे यांत मोठे अंतर आहे. कोळशाच्या व्यापाऱ्याला बुंधा जिवंत हवा असतो, कारण तीन-चार वर्षांनी त्याला पुन्हा माल पाहिजे. धनगराला बुंधा उपटलेला हवा असतो, कारण त्याला गवत पाहिजे. 'वेडी बाभूळ निर्मूलन' या नावाखाली ठेका कोळशाच्या व्यापाऱ्याला मिळाला, तर निर्मूलन कधीच होणार नाही. ज्याचा नफा रोगावर चालतो त्याच्या हाती औषध देण्याचाच तो प्रकार होईल.

तिसरी वनस्पती बांबू. तीन-चार वर्षांत काठी तयार होते आणि बेट टिकून राहते. ऐनाच्या मानाने हा लाभ निर्विवाद आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला, तेही योग्यच झाले. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, बांबू ही बुरुडाची उपजीविका आहे. एका काठीतून सूप, टोपली, डालगे, तट्ट्या होतात; त्यात किती हातांना किती दिवसांचे काम मिळते आणि तीच काठी जाळून कोळसा केला तर किती मिळते, याची तुलना करून पाहावी. कोळसा हा बांबूचा सर्वांत हलका उपयोग आहे. तो तुकड्या-कचऱ्यापुरता शोभतो. निर्यातीच्या मागणीने अख्खी काठीच भट्टीकडे वळली, तर बुरूडवाड्यातील कोयता गंजत पडेल. दुसरी गोष्ट, बांबूची लागवड कोणाच्या जमिनीवर? सरकारी दप्तरात जिला 'पडीक' म्हणतात, ती बहुधा कोणाची तरी चराई, कोणाचे तरी जळण, कोणाची तरी वाट असते. पडीक हा महसुली शब्द आहे; शेळी राखणाऱ्या बाईला तो ठाऊक नसतो.

चौथा वर्ग म्हणजे ज्यांना 'टाकाऊ' म्हटले जाते ते: नारळाची करवंटी, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. येथे झाड तोडावे लागत नाही, हा फार मोठा लाभ. करवंटीचा कोळसा इतका घट्ट असतो की त्यापासून पाणी आणि वायू शुद्ध करणारा सक्रिय कोळसा होतो. उसाच्या एका हेक्टरातून सुमारे दहा टन वाळलेले पाचट निघते आणि पुष्कळ ठिकाणी ते शेतातच पेटवले जाते. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, पिंपात पाचट भाजून त्याची भुकटी करण्याची आणि खळीने तिच्या कांड्या बांधण्याची सुटसुटीत पद्धत विकसित केली. तिला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. हे काम अभिमानास्पद आहे.

तथापि टाकाऊ म्हणजे कोणाला टाकाऊ? कोकणात बंबाखाली करवंटी जळते. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर भूमिहीन कुटुंबाचा स्वयंपाक होतो. मालकाच्या शेतातून त्या फुकट वेचून आणण्याची रीत आहे. कारखान्याने त्यांना भाव दिला की शेतकरी त्या विकील, यात त्याचा दोष नाही. पण ज्या दिवशी पऱ्हाटीला भाव आला त्या दिवशी वेचणाऱ्या बाईची चूल महागली. एका बाजूस उत्पन्न वाढल्याची नोंद होईल. दुसऱ्या बाजूचा तोटा कोणत्याही वहीत चढणार नाही, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूचे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. पाचटाचेही तसेच. ते मातीत कुजवले तर जमिनीचा कस वाढतो. सर्वच पाचट भट्टीत गेले तर आज कोळसा मिळेल आणि उद्या खताच्या गोणीला पैसे मोजावे लागतील.

भट्टी का सुधारत नाही?

येथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक शंका येईल. भट्टी सुधारली तर यांतील निम्मे प्रश्न सुटणार नाहीत काय? सुधारलेल्या बंदिस्त लोखंडी भट्टीत एका किलो कोळशाला तीन-चार किलो लाकूड पुरते. निघणारा वायू भट्टीखालीच जाळता येतो, त्यामुळे धूर आणि मिथेन दोन्ही घटतात. हे तंत्र काही कालचे नाही. मग आजही मातीचे ढिगारे धुमसताना का दिसतात?

अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी याचे उत्तर देऊ शकेल, परंतु ते देण्याची इच्छा पाहिजे. यंत्रात भांडवल कोण गुंतवतो? ज्याला कच्चा माल किंवा श्रम महाग पडतात तो. कोळशाच्या व्यवहारात लाकूड जवळजवळ फुकटात मिळते. गरजू मालकाकडून अख्खी डोंगरउतार एकरकमी घेतली जाते, किंवा परवाना एका सर्व्हे नंबराचा आणि तोड शेजारच्या रानाची होते. आणि श्रम? श्रम आधीच गहाण पडलेले असतात.

रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांतील कातकरी समाज हा महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. रान ठेकेदाराचे आणि सरकारचे झाले, कात गेला आणि नाव तेवढे उरले. पावसाळ्यात, जेव्हा वाडीवर दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी पोराबाळांसह भट्टीवर निघते. कधी घाटावर, कधी जिल्ह्याबाहेर, कधी राज्याबाहेर. झाड तोडायचे, ओंडके रचायचे, पातेरा आणि माती थापायची, पेटवायचे, आणि मग रात्र-रात्र जागायचे. धूर पांढरा आहे तोवर पाणी निघते आहे. तो निळसर विरळ झाला की कोळसा तयार. मध्येच ढिगाऱ्याला भेग पडली आणि हवा शिरली, तर सगळ्या मेहनतीची राख. ती भेग बुजवायला तापलेल्या ढिगाऱ्यावर चढायचे ते याच माणसाने, अनवाणी.

या माणसाला मजुरी दिवसाची मिळत नाही, गोणीची मिळते. म्हणजे राख झाली तर तोटा त्याचा. पत्नीच्या आणि मुलांच्या श्रमाचा वेगळा हिशेब नसतो. आठवड्याची खर्ची वहीत चढते, आजारपण चढते, आणि हंगाम संपताना शेठची वही सांगते की अजून देणे उरले आहे. पुढल्या वर्षी या. वही शेठची, लेखणी शेठची, अंगठा मजुराचा.

वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्ध शब्दांत ठरवले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे घटनेच्या तेविसाव्या कलमाखालील सक्तीचे श्रम होत. गोणीच्या दराला दोन माणसांच्या दिवसरात्रींनी भागून पाहावे आणि तो आकडा किमान वेतनाशेजारी मांडावा. म्हणजे कोळशाची भट्टी कायद्याच्या कोणत्या बाजूस उभी आहे हे कळेल.

तेव्हा भट्टी मागासलेली राहिली याचे कारण आदिवासींचे अज्ञान नाही. फुकटचे लाकूड आणि गहाण पडलेले श्रम यांच्या जोरावर जोवर नफा होतो, तोवर शेठ लोखंडी भट्टीवर पैसा का खर्चील? मागासलेले तंत्र हे मागासलेल्या संबंधांचे फळ आहे. आणि समजा सरकारी अनुदानावर त्याला सुधारित भट्टी दिली, तर काय होईल? तेवढ्याच लाकडातून दुप्पट माल निघेल, नफा वाढेल आणि वाढलेल्या नफ्याच्या ओढीने तो अधिक डोंगर विकत घेईल. मालकी तीच ठेवून यंत्र बदलले, तर यंत्र मालकाचेच काम करते.

खाजगी उद्योगाचा जो खर्च उद्योजक स्वतः न सोसता समाजावर ढकलतो, त्याला विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालच्या आपल्या ग्रंथात 'सामाजिक खर्च' असे नाव दिले. कोळशाच्या गोणीत हा ढकललेला खर्च शिगोशीग भरलेला आहे: मातीचा, झऱ्याचा, गवताचा, फुफ्फुसाचा आणि शाळा सुटलेल्या पोराचा. कोळसा स्वस्त नाही. त्याची किंमत दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल झालेली आहे.

बंदी मागणाऱ्यांना उत्तर

शहरातील पर्यावरणवादी मित्र यावर म्हणतील, मग सरसकट बंदी घाला. त्यांच्या कळकळीविषयी शंका नाही. परंतु बंदीने उचल फिटत नाही. भट्टी बंद झाली तर मुकादम त्याच जोडीला वीटभट्टीवर पाठवील, ऊसतोडीवर पाठवील, किंवा जेथे बंदी नाही अशा दूरच्या रानात नेईल, जेथे तिची भाषा कोणाला कळत नाही आणि संघटनेचा कार्यकर्ता पोहोचत नाही. बन्नीचा अनुभवही हेच सांगतो की केवळ परवानगी काढून घेतल्याने व्यवहार थांबत नाही. तो अंधारात जातो, आणि अंधारात मजुरी आणखी खाली येते.

आपल्याच चळवळीतील काही कार्यकर्ते याच्या उलट टोकाला जातात. भट्टी म्हणजे रोजगार, म्हणून तिला हात लावू नका, झाडे पुन्हा उगवतील, असे ते म्हणतात. ही दयाळूपणाची भाषा फसवी आहे. झाड संपले की हा रोजगार संपणारच आहे; फरक एवढाच, की तोवर डोंगरही संपलेला असेल आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारा कातकरी तेथेच असेल. शेठ दुसरा डोंगर शोधील. ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही त्याच्यासाठी झाड टिकणे हा चैनीचा विषय नसतो. या देशात पर्यावरण हा गरिबाचाच प्रश्न आहे, कारण रान, पाणी आणि गवत यांपलीकडे त्याची दुसरी मिळकत नाही.

मागण्या

मग पक्षाने काय मागावे? पाच गोष्टी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली, रान ज्यांचे त्यांच्या हाती. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आणि बांबू त्यात येतो. २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला, आणि बांबूच्या व्यवहाराला व्यापाऱ्याचा मध्यस्थ अनिवार्य नसतो हे त्या गावाने दाखवून दिले. रायगडमधील दळी जमिनी आणि वनहक्काचे सामूहिक दावे निकाली निघत नाहीत, तोवर 'हिरव्या कोळशा'चा एकही खाजगी प्रकल्प त्या भागात मंजूर होता कामा नये.

दुसरी, ऐन-धावड्यासारख्या संथ वाढणाऱ्या देशी झाडांचा व्यापारी कोळसा टप्प्याटप्प्याने थांबवावा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली मिळालेला प्रत्येक परवाना ग्रामसभेपुढे वाचला जावा. परवाना एका नंबराचा आणि तोड दुसऱ्याची, हा प्रकार कचेरीतून दिसत नाही. गावाला मात्र दिसतो.

तिसरी, वेड्या बाभळीचे काम मुळासकट काढण्याचे असावे आणि ते सार्वजनिक रोजगाराचे काम म्हणून, रोख किमान वेतनावर दिले जावे. निघालेल्या लाकडाचा कोळसा ग्रामसभेचा, मोकळी झालेली जमीन गवताची, आणि तेथे चराईचा पहिला हक्क धनगरांचा व शेळीवाल्यांचा. रोजगार हमीचा कायदा देशाआधी १९७७ साली करणाऱ्या महाराष्ट्राला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात वाडीवर काम आणि धान्य मिळाले, तर उचलीचा फास घालण्यास मुकादमाला मान मिळणार नाही.

चौथी, भट्टी सहकारी मालकीची आणि सुधारलेली असावी. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. कमी भांडवलाचे, गावात चालणारे आणि चालवणाऱ्याच्या मालकीचे यंत्र, हा त्याचा गाभा. पाचटाच्या कांड्या करणारी पिंपाची भट्टी हे अशा यंत्राचे चालते उदाहरण आहे. सुधारित भट्टीसाठीचे प्रत्येक अनुदान मजुरांच्या सहकारी संस्थेलाच मिळावे. व्यापाऱ्याला एक पैही नको. आणि शेतातील अवशेष भट्टीत नेण्यापूर्वी मातीचा आणि वेचणाऱ्या चुलींचा वाटा बाजूला काढावा.

पाचवी, १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी. प्रत्येक भट्टीची नोंद, प्रत्येक जोडीतील दोघांच्या नावे स्वतंत्र मजुरी, आणि दक्षता समितीची बैठक दिवाळीपूर्वी व होळीनंतर. उचलीचे कर्ज कायद्याने रद्दच आहे, हे वाडीवाडीवर जाऊन सांगण्याचे काम सरकार करणार नाही. ते कार्यकर्त्यांनीच केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की असे केल्यास कोळसा महाग होईल. होईल, आणि व्हायलाच पाहिजे. आज तो स्वस्त आहे कारण त्याचे बिल डोंगर आणि कातकरी भरतात. खरी किंमत गिऱ्हाइकाने मोजली की इस्त्रीवाला विजेकडे वळेल, तंदूरवाला गॅसकडे वळेल, आणि जो कोळसा खरोखर अटळ आहे तेवढाच उरेल. इस्त्रीवाल्यासारख्या लहान माणसाला त्या बदलासाठी मदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पंचतारांकित उपाहारगृहाला देणे नव्हे.

येत्या दिवाळीनंतर कातकरवाड्यांची दारे पुन्हा ओढून घेतली जातील आणि माणसे टेम्पोत बसून भट्टीकडे निघतील. मुंबईच्या न्यायालयाने तंदूर विझवण्याची मुदत ठरवली. ती संपूनही गेली. वाडीवर टेम्पो येण्याची मुदत मुकादम ठरवतो, आणि तीही जवळ येते आहे. त्याच्या आधी आपला कार्यकर्ता तेथे पोहोचतो की नाही, यावर पुढच्या हंगामात कोळसा कोणाचा आणि राख कोणाची, हे ठरणार आहे.